जहाजाच्या स्वयंपाकघराला वीस मार्क

मला एकदा असं फिरायला जायचं होतं की जिथं माझ्या हाताला पीठ लागणार नाही. मागणी एवढीच होती. वय एक्कावन्न, नोकरी सत्तावीस वर्षांची, लग्न त्याच्याही आधीचं. एवढ्या भांडवलावर माणसानं इतकं मागायला हरकत नसावी, असं मला वाटलं. आमच्या घरात मात्र ही मागणी ऐकून लोकांनी असं तोंड केलं, जणू मी विमान चालवायला मागितलं.

आमच्याकडे फिरायला जाणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमचं बिऱ्हाड केजला, आणि माझे थोरले दीर-जाऊबाई नांदूरघाटला, शेतावर. सहल निघाली की दोन्ही घरं एकत्र निघतात. गाडी ठरते, आणि गाडीत माणसांच्या आधी शेगडी चढते. मग ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, तेलाचा डबा, परात, तवा. उरलेल्या जागेत माणसं. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं असा आमच्या दिरांचा सिद्धान्त आहे. तो सिद्धान्त सिद्ध करायचं काम जाऊबाईंचं आणि माझं.

तिरुपतीला जाताना मी एका पेट्रोल पंपाच्या मागे भाकरी थापल्या आहेत. गाणगापूरला देवाआधी नळ शोधला. आणि अलिबागचा समुद्र मी पाहिला तो कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधल्या वेळात. चांगला होता. अजून थोडा वेळ मिळाला असता तर आणखी चांगला वाटला असता. त्या सहलीच्या फोटोंत सगळे ओळीनं उभे आहेत आणि कडेला एक कोपर दिसतंय. ते माझं.

म्हणून जेव्हा शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की क्रूझवर म्हणजे चार-पाच दिवस पाण्यात, जेवण जहाजावरच, खोली आवरायला माणूस येतो, तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, "आणि आपण काय करायचं?" त्या म्हणाल्या, "काही नाही." त्या दिवशी चौथीच्या वर्गाला मी भागाकाराऐवजी गुणाकार शिकवला असं नंतर कळलं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. आमच्या ह्यांचं बियाणं-खतांचं दुकान आहे आणि स्वभाव गोड आहे. दोन्ही गोष्टींचा मला त्रास होतो. ते म्हणाले, "पाणीच पाहायचं तर पालीजवळ बिंदुसराचं धरण हाय की. सकाळी गेलं की दुपारी घरी."

"दुपारी घरी येऊन स्वयंपाक कोण करणार?"

"तू," ते म्हणाले, आणि त्यांच्याच लक्षात आलं.

मग मी कामाला लागले. मास्तरणीला काही निवडायचं असलं की ती तक्ता आखते. जुन्या निकालपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर मी रकाने पाडले. डावीकडे जहाजांच्या कंपन्या, वर विषय: खोली, जेवण, सोबतची माणसं, किंमत, आणि स्वयंपाकघर. प्रत्येकाला वीस मार्क. कंपन्या पाच होत्या. तीन स्वतःला प्रीमियम म्हणवत होत्या, दोन लक्झरी. हे दोन्ही शब्द मी आजवर फक्त साबणाच्या आणि बसच्या जाहिरातीत वाचले होते, त्यामुळे फरक कळायला आठवडा गेला. प्रीमियम म्हणजे मोठं जहाज, दहा-बारा मजले, आमच्या केजच्या आठवडी बाजाराला येत नाहीत इतकी माणसं. जेवण तिकिटात, पण इंटरनेट वेगळं, बक्षिसी वेगळी, किनाऱ्यावर उतरून फिरायचं वेगळं. लक्झरी म्हणजे लहान जहाज, थोडी माणसं, आणि सगळं एकदाच तिकिटात धरलेलं. किंमत वाचून मी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

लेखी परीक्षेनंतर तोंडी. मी एकेका कंपनीला फोन लावला. प्रश्न ठरलेला: "जहाजाच्या स्वयंपाकघरात प्रवाशांना जाता येतं का?"

प्रीमियमवाल्या एका पोराचा आवाज एकदम खुलला. त्याला वाटलं, आपलं गिऱ्हाईक सापडलं. "काळजीच करू नका, मॅडम! ग्रुप असला तर आपला आचारी सोबत नेता येतो. कंपनी त्यांच्या किचनमध्ये जागा देते. मागच्या वेळी एका ग्रुपमधल्या लेडीजनी स्वतः पुरणपोळी केली. अगदी घरच्यासारखं वाटतं!"

मी शून्य दिलं. मग वाटलं, पोरगं उत्साही आहे, म्हणून वीसपैकी दोन दिले.

लक्झरीवाल्या बाई फार हळू बोलायच्या. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "माफ करा, मॅडम. त्याची परवानगी नाही. सुरक्षेमुळं."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. खरंच सॉरी."

वीसपैकी वीस. मी सत्तावीस वर्षांत कुणा पोराला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. अक्षरासाठी एक तरी कापतेच. त्या जहाजाचं मी काहीही कापलं नाही. तिथं माशाची अंडी वाढतात असं कळलं, तरी नाही. रात्रीच्या जेवणाला नीट कपडे घालून यावं लागतं असं कळलं, तेव्हा उलट एक मार्क वाढवला, कारण नीट कपडे घातलेल्या बाईला कुणी कांदा चिरायला सांगत नाही. किंमत या विषयात जहाज सपशेल नापास होतं. मी त्याला ग्रेस मार्क देऊन वर ढकललं. पक्षपात म्हणा. पैसे माझ्या पगारातून मी बाजूला टाकलेले होते, पक्षपातही माझाच.

खोली दोघांची होती. दोघांची म्हणजे मी आणि हे. तसं ठरलं, ह्यांनी मान हलवली, आणि दुसऱ्याच दिवशी घोटाळा केला.

आमच्या भागात एक रीत आहे. आपण जेवत असलो आणि दारात कुणी आलं की "या जेवायला" म्हणायचं. त्यानं "होऊ द्या" म्हणायचं. आपण गावाला निघालो आणि कुणी विचारलं की "चला की" म्हणायचं. त्यानं "या जाऊन" म्हणायचं. दोन्हीकडून पाठ केलेलं असतं. म्हणणारा मनापासून म्हणत नाही आणि ऐकणारा मनावर घेत नाही, म्हणून तर गाव चाललंय.

बाजाराच्या दिवशी थोरले दीर दुकानात आले. ह्यांनी जहाजाचं सांगितलं. दिरांनी विचारलं, "कुठं, समुद्रात?" हे म्हणाले, "हां. चला की, दादा."

आणि दीर म्हणाले, "बरं."

संध्याकाळी घरी आल्यावर हे बूट न काढता दारातच उभे राहिले. "दादा 'बरं' म्हनला," एवढंच म्हणाले. ह्यांचा चेहरा असा होता की मला ओरडताही येईना.

"तुम्ही 'चला की' म्हणालातच कशाला?"

"आता भाऊ हाय. काय म्हनू मंग, येऊ नको म्हनू?"

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला दीर आणि जाऊबाई केजला आले. दिरांच्या खिशात यादी होती. चौदा नावं. त्यांची मुलं, सुना, सुनेचा भाऊ, आणि नांदूरघाटचे एक शेजारी, ज्यांना दिरांनीही बहुतेक "चला की" म्हटलं असावं. जाऊबाईंना आम्ही आक्का म्हणतो. आक्कांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत दळणाचा नमुना. "ही ज्वारी बघा, लई पांढरी भाकरी व्हती. पाच दिवसाला चौदा मानसं, दीड पायली बास व्हईल का?"

मी म्हटलं, "आक्का, जहाजावर शेगडी नेऊ देत नाहीत." आणि खरोखरच बंदी असलेल्या वस्तूंची यादी मोबाईलवर उघडून वाचली. शेगडी, इंडक्शन, पाण्याची किटली, इस्त्री. वाचताना माझा आवाज आपोआप प्रार्थनेच्या चालीवर गेला.

दीर हसले. "तसं न्हाई. ह्यो म्हनला मला, मोठ्या जहाजावर आपला आचारी न्हेता येतो. त्येंच्या किचनमधी जागा देतेत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे पाहू लागले.

"मंग मोठंच जहाज करू," दीर म्हणाले. "सस्तंबी हाय. अन् आचाऱ्याला कावून पैशे द्यायचे? तुमी दोघी हायेत की."

त्या माणसाचं मन वाईट नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. माझ्या बाळंतपणात त्यांनी बैलगाडीनं चिखलातून दूध पोचवलं होतं. ते आत्ताही काटकसर म्हणून बोलले, सहज, वाटेतला दगड बाजूला सारावा तसं. पण "तुमी दोघी हायेत की" हे चार शब्द ऐकल्यावर मला पेट्रोल पंपामागची ती जागा दिसली, तिथला ऑइलचा वास आला, आणि आता ती जागा समुद्रात तरंगत जाणार आहे हेही दिसलं. बारा मजल्यांच्या जहाजाच्या तळाशी, चौदा माणसांच्या भाकऱ्या.

मी निकालपत्रक आणलं आणि चटईवर पसरलं. "हे लहान जहाज. खोली दोघांची. त्यात आम्ही दोघं जाणार, भाऊजी. बाकी कुणी नाही."

"आसं कसं? ह्यानं बोलावलंय आमाला."

"ते खरं नव्हतं."

दिरांनी खिशातली यादी काढून चटईवर ठेवली. मी पुढे म्हटलं, कारण आता थांबणं जास्त अवघड होतं. "ते 'चला की' आपलं म्हणायचं म्हणून म्हटलेलं होतं. तुम्ही 'या जाऊन' म्हणाल असं वाटलं होतं."

हे असं आमच्या भागात कुणी बोलत नाही. "या जेवायला" म्हटलेलं खोटं होतं, हे आजवर कुणी कुणाच्या तोंडावर सांगितलेलं नाही. मी सांगितलं. शब्द नीट आले. शिक्षिकेचा हा एक फायदा. घाबरली तरी उच्चार स्पष्ट असतात.

दीर ह्यांच्याकडे वळले. "खरं हाय का रे हे?"

हे पंख्यावरून खाली आले. मला वाटलं, आता हे गोड स्वभावात विरघळणार. पण ते म्हणाले, "हां दादा. खरं हाय. तिला सैपाक करायचा न्हाई."

"मंग करू नगं म्हनावं! हिची जाऊ करील की."

आता सगळ्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांच्या मांडीवर ज्वारीची पिशवी होती. त्या दिरांकडे न बघता मला म्हणाल्या, "तिथं खरंच काईच करू देत न्हाईत?"

"नाही, आक्का."

"मंग मी काय करू तिथं?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं त्या या कुटुंबाच्या प्रत्येक सहलीला गेल्या, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना काम होतं, म्हणून जागा होती. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मी फक्त ते शोधायला निघाले होते.

दीर उठले. यादीची घडी घालून खिशात ठेवली. जेवायला थांबा म्हटलं, तर म्हणाले, "ते खरं हाय का म्हनायचं म्हनून?" माझ्या वर्मी बसलं. मी म्हटलं, "खरं आहे. पिठलं टाकते." पण ते गेले. जाताना आक्कांनी ज्वारीची पिशवी आमच्याकडेच ठेवली, विसरून की मुद्दाम, कळलं नाही.

त्यानंतर दिरांनी दुकानात येणं बंद केलं. खत दुसरीकडून घेतलं. नांदूरघाटात माझ्याविषयी काय बोललं जातं ते माझ्यापर्यंत पोचतं: मास्तरीण झाली म्हणून डोक्यात हवा गेली, भावकी तोडली, समुद्रात एकटीला ऐश करायची हाय. यातलं शेवटचं मी नाकारत नाही. फक्त एकटी नाही, दोघं. भावकी मी तोडलेली नाही. पुढच्या लग्नकार्यात मी बसेन, वाढेन, शंभर पोळ्या लाटेन. पण त्या पाच दिवसांतल्या एका पोळीवरही मी हक्क देणार नाही. त्यासाठी मला नावं ठेवायची असतील तर ठेवा. आमच्या घरात मला नाव ठेवायला तशीही फार वर्षं कुणाला सवड मिळाली नव्हती, सगळे जेवत होते.

मधे हे एकदा हळूच म्हणाले, "मोठं जहाजच करू का गं? दादाचा राग जाईल." मी निकालपत्रक पुढं केलं. ह्यांनी स्वयंपाकघराच्या रकान्यातले दोन मार्क पाहिले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्याच दुपारी मी त्या हळू बोलणाऱ्या बाईंना फोन करून लहान जहाजाची खोली पक्की केली. त्यांनी विचारलं, "काही विशेष विनंती, मॅडम?" मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याला काही हवं असेल तर त्यानं तुमच्या माणसाला सांगायचं. मला नाही. एवढं लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. हे शेजारीच बसले होते.

बुकिंग झाल्याचं नांदूरघाटला कसं कळलं, कोण जाणे. चार दिवसांनी आक्कांचा फोन आला. मागे कोंबड्यांचा आवाज होता, म्हणजे त्या अंगणाच्या टोकाला जाऊन बोलत होत्या.

"हे घरात न्हाईत म्हनून केला," त्या म्हणाल्या. "जानार म्हना तुमी."

"जाणार, आक्का."

"जावा. माघारी आल्यावर मला एक सांगा. सकाळी उठल्यावर काय केलं ते."

"चूळ भरणार आणि बसणार."

"अन् मंग?"

"मग बसूनच राहणार."

आक्कांनी एक कोंबडी हुसकली. मग म्हणाल्या, "त्या बारक्या जहाजात दोघी बायाबायाला खोली देतेत का, तेवढं इचारून ठिवा," आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

मी विचारलं. देतात.