दूरदेशीची साथ

ताश्कंदच्या जुन्या शहरात, कालव्याकाठच्या चहाखान्यात दर जुम्याला मुल्ला एशमुरोद वर्तमानपत्र वाचून दाखवीत. मोहल्ल्यात अक्षरओळख मोजक्यांनाच. छापील जग तिथे मुल्लांच्याच कंठातून उतरे. चहाखान्याची एक मर्यादा मात्र ते निष्ठेने पाळीत. अशुभ वार्ता बसलेल्यांच्या तोंडावर उच्चारायची नाही. गावाचे नाव बदलून तिला दूरदेशी धाडायचे. आग, भूकंप, गुरांचे रोग, सारे मॉस्कोत घडे आणि श्रोते निर्धास्तपणे घोट घेत.

त्या हिवाळ्यात बुखाऱ्याकडून ज्वर आला. वर्तमानपत्राने स्पष्ट छापले, की ताश्कंदातही माणसे दगावत आहेत. गर्दी टाळावी, आजाऱ्याच्या भेटीस जाऊ नये. मुल्लांनी शांत स्वरात वाचले, "मॉस्को शहरी..."

श्रोत्यांत त्यांचा जावई निझोम होता, टोप्या विकणारा. मुल्लांची एकुलती लेक रोबिया नुकतीच बाळंत झाली होती आणि रविवारी बाळाला पाळण्यात घालण्याचा समारंभ होता. घरी परतल्यावर मुल्लांना समारंभाची गर्दी डोळ्यांपुढे दिसू लागली. सायंकाळी ते लेकीच्या दारी गेले, समारंभ पुढे ढकलण्यासाठी जावयाला विनवू लागले. साथ इथेच आहे, हेही त्यांनी सांगून टाकले.

निझोम हसला. "सकाळी मॉस्कोत होती, संध्याकाळी इथवर चालत आली का? पाळण्याचा खर्च जड जातोय म्हणा की सरळ, सासरेबुवा."

"मी गाव बदलून वाचलं रे. लोक घाबरू नयेत म्हणून."

"आणि आता मी घाबरावं म्हणून बदलताय."

पाळणा माहेरानेच न्यायचा. तो न नेणे म्हणजे लेकीची भर मोहल्ल्यात अप्रतिष्ठा. मुल्लांनी पाळणा नेला. बायका खोकत आल्या आणि प्रत्येकीने बाळंतिणीला उराशी धरले.

आठवड्याच्या आत रोबिया गेली. तिच्या मागोमाग बाळही गेले.

रीतीप्रमाणे मुल्ला कमरेला शेला बांधून, हाती काठी घेऊन दारात उभे राहिले. सांत्वनाला सारा मोहल्ला लोटला. परत जा, अंगाला अंग लावू नका, असे ते घोगऱ्या आवाजात विनवीत राहिले. दुःखाने म्हाताऱ्याचे भान सुटले, असे लोक आपसांत पुटपुटले आणि एकेकाने पुढे होऊन त्यांना घट्ट मिठी मारली. कित्येकांची अंगे कढत लागत होती. मुल्लांनी प्रत्येकाचे आभार मानले आणि त्याला आत सोडले.