रंभाजींचं नाक

रंभाजींना एकाच बोलण्याचा मनस्वी राग होता. "डिस्टिलरीत एकतीस वर्षं काढली आन् थेंब घेतला न्हाई? कुनाला सांगता!" हे ऐकलं की त्यांची कानशिलं तापत. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवायच्या टाक्या त्यांच्याकडे होत्या. टाकीवर वाकून एकदा हुंगलं की आंबणं कुठवर आलंय, कुठं बिघडलंय, ते सांगत. प्रयोगशाळेचा कागद तासाभरानं तेच म्हणे. पण तोंडाला थेंब नाही. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात पंचशील म्हणजे पंचशील. दर रविवारी विहारात पुढे बसून ते सांगायचा मान रंभाजींचा होता, आणि या मानाला ते जिवापाड जपत.

हा मान यंदा जाता जाता राहिला, तोही एका इटालियन वाइनपायी.

त्यांचा भाचा पंकज पारनेरजवळच्या एका रिसॉर्टवर मॅनेजर. तिथं पुण्याच्या पाहुण्यांसाठी दुपारी वाइन चाखायचा कार्यक्रम होता. "मामा, तुमी निस्ता वास घ्या," म्हणून तो त्यांना घेऊन गेला. पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ पेला गरागरा फिरवत चेरी, प्लम असं कायकाय सांगत होते. रंभाजींनी पेल्यात नाक घातलं आणि डोळे मिटले. माल खरंच सुरेख होता. जांभळाच्या झाडाखालचा सकाळचा सडा, त्यात पिकली करवंदं आणि मागून जराशी लवंग.

"साखर पार शेवटच्या कनापर्यंत आंबून गेलीय," ते म्हणाले. "गोडीचा पत्ता न्हाई, पन फळ कसं जित्तं ठेवलंय! हात जोडावा असा कारागीर हाय."

दुसऱ्या बाटलीला मात्र त्यांनी नाक मुरडलं. "ही बिघडली. भिजल्या गोनपाटाचा वास येतोय. बुचानं घात केला."

तज्ज्ञ हसले. "काका, आधी पिऊन तर बघा. आणि तुम्ही डिस्टिलरीतले, आमच्यापुढे कसली लाज?"

पुन्हा तेच! रंभाजी उखडले. "मी पीत न्हाई म्हनून नाक शाबूत हाय. तुमाला पिऊनबी गोनपाट कळंना!"

पाहुण्यांनी हुंगून पाहिलं, तोंडं वाकडी केली, आणि तज्ज्ञांनी ती बाटली गुपचूप बाजूला ठेवली. इथवर ठीक होतं. पण पंकजनं अक्कल पाजळली. पेल्यात नाक घातलेल्या मामांचा फोटो त्यानं रिसॉर्टच्या जाहिरातीत टाकला, आणि दोन दिवसांत तो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला.

वैशाख पौर्णिमेला विहार समितीच्या भिमाजीनं त्यांना भरल्या सभेत अडवलं. "रंभाजीराव, आज पंचशील दुसऱ्या कुनी सांगितलं तर बरं. लोक बोलत्यात."

"हुंगलं! प्यालो न्हाई!" रंभाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. काही लोक खाली बघत होते, काही चक्क हसत होते. ज्या माणसानं यांच्या पोराबाळांना पंचशील शिकवलं, त्याच्या शब्दापेक्षा यांना एक फोटो खरा वाटावा!

तेवढ्यात बायकांमधून त्यांच्या पत्नी कलाबाई उठल्या. विहारात कधी चढा आवाज न काढलेली बाई.

"भिमाजी, ह्यांच्या तोंडाला दारू लागली असती तर आदी मला कळलं असतं. एकतीस वर्षं हे कामावरून आले की मी पान्याचा तांब्या घिऊन दारात जायची. कशाला? तोंडाचा वास घ्यायला! कापडांचा रोज यायचा. तोंडाचा एकदाबी आला न्हाई!"

भिमाजीनं निमूटपणे पुढची जागा मोकळी केली.

रंभाजी मात्र जागचे हलेनात. तो तांब्या! घरी येताना अर्ध्या वाटेपासून त्यांना त्याची ओढ लागायची. नवरा दमला असेल म्हणून बायको दारात येते, अगदी जवळ येऊन उभी राहते, हे ते चारचौघांत कौतुकानं सांगत. आणि ही बया हुंगत होती! भिमाजीचा संशय दोन दिवसांचा, हिचा एकतीस वर्षांचा.

ते पुढे जाऊन बसले. चार शीलं नेहमीच्या संथ सुरात सांगितली. पाचव्याला, दारू न पिण्याच्या शीलाला, त्यांनी मान वळवून थेट कलाबाईंकडे पाहिलं आणि खिडक्या हादरतील एवढ्या आवाजात ते म्हटलं.

घरी कलाबाई आधी पोचल्या होत्या. सवयीनं तांब्या घेऊन त्या दारात आल्या. रंभाजींनी त्याला हात लावला नाही. ते कलाबाईंपुढे उभे राहिले आणि त्यांनी भलंमोठं तोंड उघडलं.

"आदी वास घे," ते म्हणाले, "मग पानी दे."