काकूचा व्हिडिओ आणि माझं भाषांतर

व्हिडिओ ॲपच्या कंपनीनं मला घेतलं ते माझ्या गावठी मराठीसाठी. लोक जे व्हिडिओ टाकतात त्यातलं बोलणं ऐकायचं आणि पुण्यातल्या पोरांना न कळणाऱ्या शब्दांचा अर्थ इंग्रजीत लिहून द्यायचा. तेही घरबसल्या, भोरात. माझं माहेर हिर्डोशीचं, त्यामुळे घाटाकडची बोली माझ्या तोंडातलीच. मला लई अभिमान होता त्याचा.

माहेरच्या ओढ्यावरचा साकव पुरात वाहून गेला होता. तिथल्या माझ्या काकूच्या सुनेला आठवा महिना लागला, आणि दवाखान्यात न्यायचं तर चार गड्यांनी तिला झोळीत घालून ओढा पार करायचा, अशी गत. काकू म्हणाली, "समद्या बायकांच्या सह्या घेऊन कचेरीत अर्ज देतो." पण मी शहाणी ना! म्हटलं, "अर्ज जातो कपाटात. व्हिडिओ करा. तिथं कुणाच्या बापाचं चालत नाही." कंपनीच्या मीटिंगमध्ये आम्हाला हेच ऐकवायचे, सामान्य माणसाचा आवाज वगैरे. आणि मी ते खरं मानलं.

काकूनं ओढ्यात उभं राहून व्हिडिओ केला. "दोन सालं झाली साकव जाऊन. मंजूर झाला म्हनत्यात, मग गेला कुठं? सोमवारी समद्यांनी कचेरीपुढं या. सायेब भेटल्याबिगर आमी उठायचो न्हाई." तो तालुकाभर फिरला. पार मार्गासनीहून फोन आले तिला.

दोन दिवसांनी तोच व्हिडिओ माझ्या कामात आला. सोबत शेरा होता, हा काढा म्हणून सरकारी पत्र आलंय, बाई काय बोलते ते नीट लिहा. मला वाटलं, बरं झालं, माझ्याच हातात आला. शब्दन् शब्द लिहिला. शिवी नाही, धमकी नाही, मागणी खरी आहे, असंही खाली लिहिलं. संध्याकाळी व्हिडिओ गायब. विचारलं तर, भारतात दिसणार नाही, एवढंच उत्तर. वर मला शाबासकीचा मेल, भाषांतर उत्तम म्हणून! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना फोन लावला. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, सरकारला नाही म्हटलं तर इथं जाहिरातींचा धंदा कसा करायचा? एवढं मोठं मार्केट एका साकवासाठी सोडायचं का?" केसानं गळा कापला मेल्यांनी! आणि नोकरी मी अजून करतेच. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय.

सोमवारी कचेरीपुढं पाच-सहा बायकाच आल्या. व्हिडिओ दिसेना म्हटल्यावर लोकांना वाटलं, बेत मोडला. पुढं पंधरा दिवसांत सुनेला झोळीतूनच न्यावं लागलं. मायलेकरं वाचली, हे नशीब.

काकूचा फोन आला. "तू हायस ना तिथं? मग त्यो वर काढ की."

मी सगळं सांगून टाकलं, भाषांतर मीच केलं हेसुद्धा.

"मग तुझंच काय तरी चुकलं आसंल," ती म्हणाली. "आमचं बोलनं बराबर कळलं आसतं तर कोन काढील?"

"अगं, कळलं म्हणूनच काढला, काकू!" मी ओरडलेच. तिनं फोन ठेवून दिला.

परवा बारशाला हिर्डोशीला गेले. पडवीत बायका कचेरीवर पुन्हा जायचं ठरवत होत्या. मी दारात चपला काढत होते, तेवढ्यात काकू त्यांना म्हणाली, "गप बसा गं, ही आली."