ड्रायवॉलला मारलेलं पाणी

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून अमेरिकेत, ईडन प्रेरीला आणलं. दोन हजार चारचा हिवाळा. आता कायमचे इथेच राहा, म्हणून आल्या दिवसापासून मागे लागलो होतो. ते नुसते हसायचे, हो म्हणत नव्हते. शेवटी मी हट्टाला पेटलो: अ‍ॅटिकमध्ये म्हणजे छपराखालच्या माळ्यावर त्यांच्यासाठी खोली काढायची, आणि तीही स्वतःच्या हातांनी!

ड्रायवॉलचे तक्ते ठोकून झाले. तक्ता म्हणजे काय, दोन जाड कागदांमध्ये दाबलेला जिप्समचा थर. सांध्यांवर कागदी टेप चिकटवायची, वरून मड नावाचा ओला लगदा पातळ ओढायचा, वाळला की घासायचा, पुन्हा ओढायचा. रविवारी पहिला हात दिला आणि आठवडाभर ऑफिसात असा अडकलो की वर फिरकलोही नाही.

शनिवारी वर गेलो तर टेप लोंबतेय, तक्ते फुगलेत, कागदाला पोपडे आलेत. छप्परच गळतंय की काय! मग कोपऱ्यात बादली आणि तांब्या दिसला.

"बाबा! इथे पाणी कुणी ओतलं?"

बाबा जिना चढून आले. चेहरा खुशीत. "ओतलं नाही रे, मारलं. सकाळ-संध्याकाळ मारतोय. तू विसरलास वाटतं. पाणी नाही मारलं तर भिंत तडकते."

उभी हयात सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून गेलेली. ताज्या प्लास्टरला पाणी मारलं नाही म्हणून भल्याभल्या ठेकेदारांना झापलेला माणूस तो. हे मला ठाऊक होतं. तरी डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

"अहो, हा कागद आहे, कागद! तुमचं ते इथे चालत नाही. कशाला हात लावू नका, खाली गप्प बसा!"

त्यांनी बादली उचलली. "राहायचंच आहे, तर आपलाही हात लागावा, असं वाटलं," एवढंच म्हणाले आणि कठडा धरून एकेक पायरी उतरले.

राहायचंच आहे! जे ऐकायला आसुसलो होतो, ते असं कानावर पडलं. तेव्हाच धावत खाली जायला हवं होतं. पण माझा मेला ताठा! भिजलेले तक्ते उखडत बसलो.

सोमवारी चहा घेताना त्यांनी परतीच्या तिकिटाचं विचारलं. थंडी सोसत नाही म्हणाले. मीही थंडीचंच खरं मानलं आणि तिकीट काढलं.

खोली पुढे झाली. बाबा पुन्हा आले नाहीत, दोन वर्षांनी पुण्यातच गेले. पण मला आतून खातात ते इथून परतण्याआधीचे त्यांचे पंधरा दिवस. माझ्या घरात, फ्रिजमधलं दूध घ्यायचं झालं तरी ते दारात थांबून विचारायचे, "हात लावू का रे?"