पर्समधला कागद आणि जानकीची ओटी

जानकी माझी धाकटी जाऊ. मी देवासला, ती धारला. ती सतवासच्या शाळेत आठवीपर्यंत शिकली, तीही हिंदीत. मी उज्जैनला केमिस्ट्रीत एम.एससी. केलं आणि तेहतीस वर्षं मुलींना तेच ते शिकवलं. प्रयोगशाळेत नोकरी करायची होती, ती राहिली ती राहिलीच.

पन्नास वर्षं मी या बाईचा हेवा करते आहे. तिची कढी फुटत नाही. तिचा नवरा संताजी पंचाहत्तरी ओलांडून अजून स्कूटर चालवतो. माझ्या घरचे गेले त्याला अकरा वर्षं झाली. आणि नात्यात लग्न कोणाकडचंही असो, ओटी भरायला जानकीच लागते. तांदूळ, नारळ, हळकुंड नवरीच्या पदरात घालते आणि अशी गाठ मारते की पोरगी धारहून कन्नौदपर्यंत धक्के खात गेली तरी दाणा सांडत नाही. सासरी देवापुढे बसून एक टोक ओढलं की मोकळी. मी मारलेली गाठ एक तर इंदूरलाच सुटते, नाही तर कात्री आणावी लागते.

एवढ्यावर भागलं असतं. पण माझी नात शिवांगी, माझ्या रणवीरची मुलगी, पीथमपुरात औषधांच्या कंपनीत लागली. प्रयोगशाळेत. रविवारी सुट्टी असली की धारला, जानकीकडे. धार जवळ पडतं, देवासला इंदूर ओलांडून यावं लागतं, हे मला कळतं. कळलं म्हणून बोचायचं थांबत नाही.

गेल्या वर्षी जानकीला स्तनाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. इंदूरच्या डॉक्टरांनी नव्या तऱ्हेचं औषध सुरू केलं. दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं. आम्हा म्हाताऱ्यांत इंग्रजी वाचणारी मीच, म्हणून सूचनांचा कागद माझ्या पर्समध्ये.

दुसऱ्या डोसानंतर धारच्या स्वयंपाकघरात शिवांगीने तिला ते औषध समजावलं. मी तिथेच बसले होते.

"माई, ये देख. ही अँटिबॉडी. हिला कॅन्सरच्या पेशीचा पत्ता ठाऊक असतो. हिच्या अंगाला विष बांधून पाठवायचं. ज्याने बांधतात ना, तो लिंकर. मी दिवसभर तेच करते."

जानकी कोथिंबीर निवडत होती. "आणि वाटेत सुटला तर?"

"तर विष रक्तात. पोट, केस, फुफ्फुस, सबका नुकसान."

"आणि घरी पोचून सुटलाच नाही तर?"

"तर औषध बेकार."

"मग ही ओटीचीच गाठ की ग! वाटेत सुटायची नाही आणि घरी अडायची नाही."

शिवांगी उडालीच. "माई! हे मी कल लॅबच्या बोर्डवर लिहिणार!"

मी म्हटलं, "तो पेप्टाइडचा लिंकर ना? पेशीतल्या एन्झाइमनं तुटणारा? आधी आम्लानं तुटणारे होते, त्यांचं—"

"हो आजी, वही. एक मिनट हं." आणि परत जानकीकडे वळली.

दोन आठवडे मोबाइलवर डोळे फोडून मी ते वाचलं होतं. बोर्डवर कोथिंबीरवाली गेली.

चौथ्या डोसानंतर, एका बुधवारी, जानकीचा फोन आला.

"अक्कासाहेब, दोन दिवस कोरडा खोकला आहे. जिना चढले की धाप लागते. त्या कागदात खोकल्याचं काही आहे का हो?"

डॉक्टरांचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. पण आमच्या घराण्यात धाकटी थोरलीला विचारल्यावाचून काही करत नाही, आणि जानकी तर माहेरीही मला विचारूनच जायची. कागद माझ्या समोर होता. जाड अक्षरांत लिहिलं होतं: नवा खोकला किंवा धाप असेल तर त्याच दिवशी कळवा.

त्या रविवारी शिवांगी पाच महिन्यांनी देवासला येणार होती. मी खरं सांगितलं असतं तर ती धारला पळाली असती.

"काही नाही," मी म्हणाले. "हवा बदलली की होतो. अडुळशाचा काढा घे."

"बरं. तुम्ही वाचलंय म्हणजे झालं."

रविवारी मी भरली वांगी केली. शिवांगी जेवता जेवता बोलत होती, माझ्याशी, पहिल्यांदाच नीट. त्यांचा नवा लिंकर सात दिवस रक्ताच्या प्लाझ्मात ठेवला तर विष थोडं सुटत होतं. साहेब म्हणाले चलेगा, ही म्हणाली नहीं चलेगा.

"थोड्याने काय होतं?" मी विचारलं.

"आजी, चांगल्या लिंकरवालं औषध असलं तरी कधी कधी फुफ्फुसाला सूज येते. का येते ते पूर्ण कळलेलं नाही. लवकर धरलं तर बहुतेक बरं होतं. उशीर केला तर माणूस जातो." तिने दुसरी पोळी घेतली. "माईला खोकला नाही ना? मला ती सांगत नाही. तुझ्याशिवाय कोणाचं ऐकतच नाही ती, जलन होते मला."

"आहे," मी म्हणाले. "बुधवारी सांगितलं तिनं. कागदात लिहिलंय. मी नाही म्हणाले."

"क्यों?"

"तू आज इथे येणार होतीस म्हणून."

ती ओरडली नाही. उठून हात धुतला, डॉक्टरांना फोन लावला, मग संताजींना, कमी ऐकू येतं म्हणून तीनदा: "आजोबा, माईला इंदूरला आणा! आत्ता!" इंदूरला जायला गाडी आली तेव्हा मला चल म्हणाली नाही. मी आपली जाऊन बसले.

दोन्ही फुफ्फुसांना सूज होती. स्टेरॉइड सुरू झाले. ज्या औषधाने कॅन्सर आक्रसत चालला होता ते कायमचं बंद. "दूसरी दवा देखेंगे," डॉक्टर म्हणाले. "चार दिन रुके क्यों, माताजी?"

तिसऱ्या दिवशी जानकीला नीट बोलता यायला लागलं. मी सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पोरगी तोंड फुगवून बसली होती, मीच वदवलं." मग दम घेत घेत: "अक्कासाहेब, शिवांगीला पाठव, एवढं म्हणाला असतात तर कान धरून पाठवली असती तिला."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"आता तो कागद द्या इकडे."

"तुला इंग्रजी कुठे—"

"शिवांगी हिंदीत लिहून देईल. द्या."

मी दिला. आता तो धारच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलेला आहे. नवं औषध सुरू झालंय, किती चालेल कोणी सांगत नाही. खोकला आला की जानकी आधी डॉक्टरांना फोन करते, मग मला.

ती घरी आल्यावर मी आठवडाभर धारला राहिले. निघताना तिने हाक मारली. "थांबा, ओटी राहिली." विधवेची ओटी भरत नाहीत. जानकी अकरा वर्षं माझी भरते आहे, आणि हे एवढंच ती कधी कोणाला विचारून करत नाही. स्टेरॉइडने तिची बोटं थरथरत होती. गाठ मारायला वेळ लागला. मी मान वळवून संताजींच्या स्कूटरकडे बघत राहिले.

इंदूरला बस बदलताना पदर चाचपला. गाठ जागेवर होती. देवासला देवापुढे बसून टोक ओढलं, लगेच सुटली. मग तेच तांदूळ मी परत बांधून पाहिले. चार वेळा बांधले.

नाहीच जमली.