ओट्यावर मावेल तेवढंच

व्रतवैकल्यं करणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक नारळाच्या वाट्या आणि दुसरे किस्से. वाट्यांची मी बर्फी करते, शेजारी देते, संपतात. किस्से मात्र वाटले की वाढतात. बेंगळुरात राजाजीनगरातल्या आमच्या घरी हळदीकुंकवाला येणाऱ्या बहुतेक जणी एकाच कचेरीतल्या लोकांच्या बायका. विमानाच्या पंखांची गणितं करणारी ही कचेरी. तिथं कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं आणि तेव्हापासून माझ्याकडे त्याच्या इतक्या गोष्टी जमल्या, की संकष्टीची कहाणी वाचताना मध्येच एखादी आठवते.

*

हे तोवर त्या कचेरीच्या मोठ्या हॉलमध्ये हँडल फिरवायच्या मशीनवर आकडेमोड करत. दिवसभर खडखड. घरी आले की उजवा खांदा शेकायचा. कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर मात्र खांदा विसरून पुस्तकं आणायला लागले. एकदा जेवताना सासूबाईंना म्हणाले, "आई, या मशीनला मेमरी असते. सांगितलेलं सगळं लक्षात ठेवतं."

सासूबाईंनी विचारलं, मामंजींच्या श्राद्धाची तिथी ठेवेल का?

"सांगितली तर ठेवेल."

"सांगावंच लागणार असेल, तर गुरुजी काय वाईट आहेत?"

यांनी ताक पिऊन टाकलं.

*

मेमरी म्हणजे कोठीची खोली, असं मी धरून चालले होते. हे म्हणाले, तसं नाही. कोठी म्हणजे टेप. तिथं हवं तेवढं भरा. मेमरी म्हणजे चुलीशेजारचा ओटा. जे ओट्यावर आहे त्याचाच स्वयंपाक होतो, बाकीचं आणायला दर वेळी कोठीत जावं लागतं.

मग मोठा ओटाच का घेत नाहीत, असं मी विचारलं.

"तेच तर मी साहेबांना सांगतोय!"

यांच्या पसंतीचं मशीन होतं मोठ्या ओट्याचं, पण चूल जरा मंद. शेजारच्या शेषाद्रींचं मशीन उलट: ओटा लहान, चूल भडक. शेषाद्री याच हॉलमध्ये, यांच्याच शेजारच्या टेबलावर. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की ज्याचं मशीन येईल तो कॉम्प्युटरची खोली सांभाळेल, दुसऱ्यानं हँडल फिरवत राहायचं.

शेषाद्रींची बायको जयक्का. तिला मी ओट्याचं सांगितलं. ती म्हणाली, माझा ओटा दोन हात आहे आणि मी त्यावर सगळ्या सासरचा स्वयंपाक करते, तुमच्या यजमानांना म्हणावं येऊन बघा. मी निरोप दिला नाही.

*

मशीन विकणारे साहेबांना भेटून गेले. त्यांच्यातला एक जण म्हणाला, आमच्या मशीनला खोली गार ठेवावी लागेल, त्याचं वेगळं यंत्र घ्या.

साहेब जन्मापासून बेंगळुरातले. त्यांनी खिडकी उघडली आणि त्या माणसाला तिच्यासमोर उभं केलं.

"तुम्ही बेंगळुरात गार हवा विकायला आलात?"

*

मी संकष्टी धरायचं ठरवलं. आमच्या देवळातले भट्ट संकल्पाच्या वेळी इच्छा तोंडानं बोलायला लावतात. मनात धरलेलं त्यांना चालत नाही. मी म्हटलं, मोठ्या मेमरीचं मशीन यावं. भट्टांनी पुत्रप्राप्तीच्या संकल्पाला हलवावी तशीच मान हलवली.

माझ्या मागे जयक्का उभी. तिच्याजवळ दूर्वा कमी होत्या, मी माझ्यातल्या दिल्या. देवाच्या दारात नाही कसं म्हणायचं? तिनं त्या हातात घेतल्या आणि म्हणाली, लहान मेमरीचं, पण जलद मशीन यावं.

भट्टांनी आळीपाळीनं आम्हा दोघींकडे पाहिलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "आता गणपतीला स्वल्प वेळ द्या."

*

निवड शेवटी दारानं केली. यांच्या मशीनच्या मेमरीचं कपाट खोलीच्या दारातून आत जाणार नव्हतं. साहेबांनी स्वतः छत्रीनं दार मोजलं, मग कागदावरचं कपाट मोजलं. हे म्हणाले, थोडी भिंत पाडू.

साहेब म्हणाले, "भिंत सरकारी आहे. ती पाडायची परवानगी दिल्लीहून येईपर्यंत मशीन जुनं होईल."

शेषाद्रींचं मशीन आलं. जयक्का मोदक घेऊन आमच्याकडे आली आणि दारातच रडायला लागली. मीच तिला पाणी दिलं. यांनी दोन मोदक खाल्ले, छान झालेत म्हणाले आणि खांद्याला चोळायला तेल मागितलं. मी संकष्टी सोडली नाही. भट्टांनी विचारलंसुद्धा, अजून कशासाठी? मी म्हटलं, वेळ द्यायला तुम्हीच सांगितलं होतं.

*

मशीन जलद होतं, पण ओटा खरंच लहान निघाला. पंखाचं गणित आत मावेना. शेषाद्री ज्याच्या त्याच्या कामातल्या ओळी खोडत सुटले. पुढे पुढे घरीही तेच. जयक्का माहेरच्या लग्नाहून आली. मांडवापासून सांगायला बसली, तर सीमांतपूजनाच्या आतच त्यांनी हात वर केला.

"एवढं मावणार नाही. वधू-वर तेवढे सांग."

*

खंडेनवमीला कचेरीत घरच्यांना बोलावतात. त्या दिवशी कुठलंही हत्यार चालवायचं नाही, पूजा करून ठेवायचं, म्हणून मशीनही बंद. शेषाद्रींनी मशीनला कुंकू लावू दिलं नाही. बायकांनी मग दाराला लावलं. तसा मान दाराचाच होता.

सासूबाई मशीनपुढे गेल्या, हात जोडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "फाल्गुन वद्य तृतीया. विसरू नको, बाबा."

यांचे कान लाल झाले. "आई, ते बंद आहे."

"झोपेत सांगितलेलं जास्त राहतं."

आरतीचं ताट घेऊन शेषाद्री मागेच उभे होते. हे आणि ते, मशीन आल्यापासून, कामापुरतंच बोलत. यांच्याकडे न बघता शेषाद्री सासूबाईंना म्हणाले, "याचं खरंच तसं आहे, अम्मा. बंद केलं तरी आत ठेवलेलं जात नाही. पण जागा फार कमी."

हे ताटातला अंगारा लावून हॉलमध्ये निघून गेले. त्यानंतर त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

*

फाल्गुनात, श्राद्धाच्या आदल्या दिवशी, कचेरीचा शिपाई हॉलमध्ये यांच्या टेबलावर मशीनमधून छापून निघालेला कागद ठेवून गेला. इंग्रजी अक्षरांत दोनच ओळी. पहिली: उद्या फाल्गुन बहुळ तदिगे. आपण वद्य तृतीया म्हणतो ती इथं अशी म्हणतात. दुसरी: ही ओळ फार जागा अडवते, पुसायला स्वतः यावं.

यांनी कागद घरी आणला. सासूबाईंना वाचून दाखवला. त्या वाती वळत होत्या, वळत राहिल्या.

"सांगितलं होतं मी त्याला," त्या म्हणाल्या. "आणि आदल्या दिवशी कळवलंन्. गुरुजींकडे आपल्यालाच माणूस धाडावा लागतो."

श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी हे ओळ पुसायला गेले. दिवे लागल्यावर आले. मी विचारलं, पुसली का?

"वेळच झाला नाही," हे म्हणाले. "पंखाचं गणित मावत नव्हतं. त्याचे तुकडे पाडत बसलो. शेषाद्रींना तुकडे पाडता येत नाहीत."

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी सदरा धुताना खिशातून कागदाचे बारीक बारीक कपटे निघाले, मशीनच्या कार्डांना भोकं पाडताना पडतात ते. अक्षतांएवढे. मी ते वेचून ठेवले आणि खांद्याच्या तेलाची बाटली फडताळात वर ठेवली.

पुढच्या संकष्टीला मी उद्यापन केलं. भट्ट म्हणाले, "पण मशीन तर दुसरंच आलं ना, अक्का?" मी म्हटलं हो, आणि मोदकांचं ताट पुढे केलं.

ती ओळ पुसायला हे अजून रोज सकाळी जातात.