टिकलीखालचा दगड

ताईंनी कपाळावरची टिकली काढून कॉम्प्युटरच्या पडद्यावर चिकटवली, की आम्ही खुर्च्या सरकवून धावायचो. ताईंना काहीतरी गवसलंय!

घोडबंदर रोडच्या ऑफिसात आम्ही उपग्रहाच्या फोटोंवरून हिमालयातल्या कायमच्या बर्फाच्या कडा गिरवतो. हा नकाशा इंटरनेटवर कुणालाही उघडता येतो, वर्षाची पट्टी मागेपुढे सरकवून बर्फ कसा बदलला ते बघता येतं. ताई आमच्यात सगळ्यात जुन्या. राहायला मानपाड्याला, आणि बर्फ पाहिलेला तो फक्त गोळेवाल्याकडचा.

मी नवीन लागलेले, तेव्हा सकाळभर खपून एक झकास हिमनदी काढलेली. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगं, आधी सावली बघ. शेजारच्या दरीत पडलीय. ढग आहे तो! पूस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी डब्यातली अळूवडी पुढे केली. "खा. माझा पहिला ढग याहून मोठा होता."

असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल, एरवी गरीब गाय, पण अडलं की हलत नाही. ताई अडल्या एका छोट्या हिमनदीवर. दुसऱ्या दिवशी नकाशा लोकांसाठी उघडणार, आणि तपासणाऱ्या साहेबांनी कळवलं, "इथे नुसते दगड आहेत. काढून टाका."

ताई भडकल्याच. "दगड वर आहेत हो, बर्फ खाली आहे! आज नकाशातून गेली, तर तिच्याकडे पुन्हा कोण बघणार?"

व्हिडिओ कॉल लागला. ताईंनी आपली स्क्रीन साहेबांना दाखवली आणि घराएवढ्या एका दगडावर टिकली लावली. "ही टिकली बघा, साहेब."

"कुठली टिकली, मॅडम?"

"ही काय, लाल!"

दिसणार कशी? टिकली आमच्या काचेवर! हसू दाबत मी मोबाइलवरून कॉलमध्ये शिरले आणि कॅमेरा पडद्यावर रोखला. ताईंनी पट्टी एक वर्ष पुढे नेली. दगड टिकलीखालून निघाला! अजून एक वर्ष, अजून खाली. आजूबाजूचे डोंगर मात्र जागच्या जागी.

"दगड आपणहून चालत नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "खालचा बर्फ नेतोय त्याला."

साहेब कॅमेऱ्याकडे झुकले. मग, "परत दाखवा." तीनदा पाहिलं त्यांनी. "बरं, राहू द्या."

काय ओरडलो आम्ही! खालच्या मजल्यावरून वॉचमन बघायला आला.

ताई गेल्या वर्षी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता. मला अजून खरं वाटत नाही.

परवा नवे फोटो आले आणि तीच हिमनदी माझ्या वाट्याला आली. तिचं टोक चांगलंच मागे सरकलंय. मी दोनदा तपासलं, मग ताईंच्या रेघेच्या आत नवी रेघ काढली. पट्टी जुन्या वर्षावर नेली, की ताईंची रेघ दिसते. पुढे आणली, की माझी. ऑफिस रिकामं होईपर्यंत मी पट्टी मागेच नेऊन ठेवली होती.